शंभर शब्दांची अट आणि तेरा शब्दांची ओळ

ताई, नमस्कार.

आम्ही अकरा जण मिळून एक वाचनमंडळ चालवतो. दर महिन्याला एक पुस्तक ठरतं आणि सोबत एक वही फिरते. ज्याचं वाचून होईल त्याने वहीत आपलं मत लिहायचं आणि वही पुढच्याकडे द्यायची. सुरुवातीला सगळे भरभरून लिहायचे. हळूहळू ‘छान’, ‘आवडलं’, ‘सहमत’ यापलीकडे कुणी जाईना. एकाने तर ‘वरीलप्रमाणे’ असं लिहून खाली सही केली. शेवटी मी नियम केला की प्रत्येकाने निदान शंभर शब्द लिहायचे, नाहीतर वही परत येईल. त्यानंतर एकीने पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला. एकाने कथानक सांगितलं, जे आम्ही सगळ्यांनी वाचलेलंच होतं. आणि आमच्यातल्या सर्वांत मोठ्या काकांनी फक्त एवढंच लिहिलं: ‘वाचून संपलं तेव्हा आईला फोन लावायला हात गेला. आई जाऊन नऊ वर्षं झाली.’ नियम सगळ्यांना सारखा, म्हणून मी वही त्यांच्याकडे परत पाठवली. त्यांनी ती तशीच पुढे दिली आणि नंतरच्या दोन बैठकांना ते आलेच नाहीत. माझं चुकलं का? किमान लांबीची अट परीक्षेत असते, संगणकावरच्या चर्चांमध्ये असते. मग ती ठेवतात कशासाठी? की मी ती काढूनच टाकू?

वही सांभाळणारी

प्रिय वही सांभाळणारी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा काकांच्या ओळीवर थांबले. तिच्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुमच्या बाजूने बोलते. अट घालावीशी वाटली यात तुमचं काहीच चुकलं नाही. दुखणं खरं होतं, मात्रा जास्त झाली.

‘छान’ या शब्दाने कुणाचं काय बिघडतं, असं वरवर वाटतं. समोरासमोर बसलेलो असताना खरंच काही बिघडत नाही. समोरचा ‘छान’ म्हणतो तेव्हा त्याचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो आणि आपण तिथल्या तिथे विचारू शकतो, ‘काय छान वाटलं?’ वहीत ही सोय नाही. पान वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो तेव्हा लिहिणारा दुसऱ्याच कामात असतो, दुसऱ्याच ठिकाणी असतो. म्हणून लिहून चर्चा करायची तर मतासोबत त्याचं कारणही पाठवावं लागतं. नाहीतर ते मत मुकंच राहतं.

आणि हिशेब बघा. लिहिणारा एक, वाचणारे दहा. ‘छान’ लिहायला एक क्षण पुरतो, पण काहीतरी असेल या आशेने वही उघडायला आणि पानं उलटायला दहा जण आपापला वेळ देतात. दोन-तीनदा हाती काही लागलं नाही की ते वही चाळायचं सोडून देतात. आपलं कुणी वाचत नाही हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं की तोही ‘छान’वर येतो. ‘वरीलप्रमाणे’ लिहिणारे तुमचे सदस्य आळशी असतील असं मला वाटत नाही. आता हे कोण वाचतंय, असं त्यांना वाटलं असेल. ही घसरण अशी एकमेकांना बघून होते. किमान लांबीची अट बहुतेक ठिकाणी अशा घसरणीनंतरच आलेली दिसते.

एके काळी अशा अटीची गरजच पडत नव्हती. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, त्यामुळे माणसं शब्द गाळण्यात तरबेज होती. मोबाइलवरच्या लघुसंदेशाला १४० बाइटांची चौकट होती. तिच्यात रोमन लिपीतली १६० चिन्हं मावत, आणि देवनागरी लिहायला घेतली की ७०च. जागा महाग होती तेव्हा नियम असायचा, यापेक्षा जास्त नको. लिहिणं फुकट आणि झटपट झालं तसा नियम उलटा झाला, यापेक्षा कमी नको. १९९५च्या ऑक्टोबरमध्ये इंटरनेटवर कसं वागावं-लिहावं याची एक मार्गदर्शिका निघाली. आरएफसी १८५५ या क्रमांकाने ती ओळखली जाते. आटोपशीर लिहा, पण तुटक वाटेल इतकं आखडतं घेऊ नका, असं तिच्यात सांगितलं आहे. नुसतं उत्तराला उत्तर म्हणून काहीतरी पाठवणं टाळा, असंही आहे. तुमच्या ‘वरीलप्रमाणे’चा त्रास लोकांना तेव्हाही होत होता, हे यावरून कळतं.

पुढे हाच सल्ला यंत्राच्या हाती गेला. संगणकावरच्या चर्चांसाठी ‘डिस्कोर्स’ नावाची एक प्रणाली वापरतात. तिच्या मूळ मांडणीतच उत्तर निदान २० चिन्हांचं आणि विषयाचं शीर्षक १५ चिन्हांचं लागतं. प्रोग्रॅमर मंडळी जिथे एकमेकांच्या अडचणी सोडवतात त्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर उत्तराला ३० आणि शेऱ्याला १५ चिन्हं लागतात. आकडे पाहिलेत? शंभर शब्द कुणी मागत नाही. वीस चिन्हं म्हणजे जेमतेम चार शब्द. ‘छान’, ‘सहमत’, ‘धन्यवाद’ एवढंच अडकावं इतकीच त्या अटीची उंची आहे. घराच्या उंबरठ्यासारखी. न बघता पाऊल टाकलं तर ठेच लागते, बघून टाकलं तर लहान मूलही ओलांडतं. त्या ठेचेपुरता माणूस थांबतो आणि स्वतःला विचारतो, मला खरंच काही सांगायचं आहे का? अटीचं काम एवढंच. तरीही काही जण ‘सहमत’ लिहून पुढे टिंबं भरतात, पण टिंबं भरायलाही थांबावं लागतं.

यात मराठीचं एक वेगळं गणित आहे. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्याला एक अक्षर. संगणक त्यात सहा चिन्हं मोजतो: स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा पाय मोडल्याची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. ‘धन्यवाद’ची सात होतात. म्हणजे चिन्हं मोजली तर आपला उंबरठा आणखी बुटका होतो. शब्द मोजले तर नेमकं उलट. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द, पण प्रत्यय जोडून न लिहिणाऱ्या भाषांमध्ये तेवढंच सांगायला चार-पाच शब्द लागतात. त्यामुळे इंग्रजीवरून उचललेला शब्दांचा आकडा मराठीत जड होतो. तुमचे शंभर शब्द कुठून आले ते तुम्ही लिहिलं नाहीत. गोल आकडा म्हणून सुचले असावेत असा माझा अंदाज आहे.

तुम्ही परीक्षेचंही नाव काढलंत. ती गल्लत करू नका. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत निबंधाला निदान २५० शब्द लागतात, कारण तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याची भाषा जोखायची असते आणि तीन वाक्यांवरून ती जोखता येत नाही. तिथे मजकूर हा नमुना असतो. तुमच्या वहीत कुणाची भाषा जोखायची आहे?

मग प्रश्न उरतो, लांबीच का मोजतात? विचार का मोजत नाहीत? याचं उत्तर मला फार माणुसकीचं वाटतं. ‘तुमचं लिहिणं उथळ आहे’ असं कुणाला सांगितलं तर तो दुखावतो, वाद घालतो, आणि सांगणाऱ्यालाही हे ठरवायचा अधिकार कुणी दिला, असा प्रश्न निघतो. ‘आणखी दोन ओळी लिहा ना’ यात कुणाचा अपमान नाही. अट सगळ्यांना एकच, त्यामुळे वही सांभाळणाऱ्याला न्यायाधीश व्हावं लागत नाही. अकरा ओळखीच्या माणसांत हे सुख लहान नाही, तुम्ही ते अनुभवलं असेल. पण याच सुखात धोका आहे. जो मोजतो त्याला वाचावं लागत नाही. आणि न वाचता परत पाठवलं की काकांसारखं होतं.

या सदराकडे एकदा एक पत्र आलं होतं. ‘नोकरी सोडू का? कळवा.’ बस्, चार शब्द. मला त्या माणसाला मनापासून उत्तर द्यायचं होतं. पण कसली नोकरी, किती वर्षांची, सोडावीशी का वाटते, घरात आणखी कुणी कमावतं की हा एकटाच, काही म्हणजे काही नव्हतं. मी उलट टपाली विचारलं, त्याला उत्तर आलं नाही. ते पत्र कितीतरी दिवस माझ्या टेबलावर होतं आणि ते आठवलं की अजूनही मला टोचतं. तेव्हापासून मी सदराच्या तळाशी एक ओळ घालू लागले. इतके शब्द लिहा, असं तिच्यात नव्हतं. ‘काय झालं, केव्हापासून, आणि तुम्ही आजवर काय करून पाहिलंत, एवढं जरूर लिहा.’ पत्रं आपसूक लांबली. कुणाला शब्द मोजावे लागले नाहीत, ना त्यांना ना मला.

तुमच्या वहीतही मला हेच करावंसं वाटतं. शंभर शब्दांनी काय झालं ते तुम्हीच लिहिलं आहे. ज्याच्याकडे वीस शब्दांचं सांगण्यासारखं आहे त्याने उरलेले ऐंशी आणायचे कुठून? तो पुस्तकाच्या पाठीवरून आणतो, नाहीतर कथानकातून. त्याला लबाडी म्हणू नका, नाइलाज आहे तो.

समजा कुणी लिहिलं, ‘आवडलं नाही.’ त्याला आकड्याची अट दाखवली तर तो लिहील, ‘प्रस्तुत पुस्तक मला व्यक्तिशः फारसे आवडले नाही असे नमूद करावेसे वाटते.’ दोनाचे अकरा शब्द झाले आणि हाती आलं तेवढंच. त्याऐवजी त्याला नुसतं ‘का?’ विचारा. आता तो लिहितो, ‘आवडलं नाही. शेवटी बाप परत येतो ते पटलं नाही, कारण तो येणार याची कुठे चाहूलच नाही.’ मोजून १६ शब्द. पण पुढे वही ज्याच्या हातात जाईल त्याला काम मिळालं. तो पुस्तक पुन्हा उघडणार, चाहूल शोधणार. मधल्या एखाद्या प्रकरणात त्याला दाराशी पुसून ठेवलेल्या चपला सापडतील आणि तो खाली लिहील, ‘चाहूल आहे. चपला पाहा.’ चार शब्द! तुमच्या नियमाप्रमाणे वही परत गेली असती. मला विचाराल तर त्या महिन्याची चर्चा त्या चार शब्दांपासून सुरू झाली.

थोडक्यातलं लिहिणं पुरतं केव्हा, याचा मला फार आवडणारा दाखला गणितातला आहे. लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७६९ मध्ये एक अनुमान मांडलं होतं. त्यानुसार काही संख्यांचे पाचवे घात मिळवून दुसऱ्या एखाद्या संख्येचा पाचवा घात आणायचा असेल तर अशा निदान पाच संख्या घ्याव्या लागतील. जवळजवळ दोनशे वर्षं ते कुणाला खोडता आलं नाही. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन या दोघांनी संगणकाच्या मदतीने चारच संख्या शोधून काढल्या: २७, ८४, ११० आणि १३३. यांच्या पाचव्या घातांची बेरीज बरोबर १४४च्या पाचव्या घाताइतकी येते. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला, तो अवघा दोन वाक्यांचा. तेवढा पुरला, कारण पुरावा त्यातच होता. कागद घ्या, गुणाकार करा, बेरीज करा. ‘कशावरून?’ हा प्रश्न वाचणाऱ्याच्या ओठावर यायच्या आत उत्तर समोर असतं.

आता काकांची ओळ पुन्हा वाचा. तेरा शब्द. पुस्तक कुणाला लागलं, कुठे लागलं, किती खोल लागलं, सगळं आलं. ‘का?’ असं विचारायला तिथे काही शिल्लक आहे का? आणखी ८७ शब्द त्यांनी कुठून आणायचे, आणि आणले असते तर त्या तेरा शब्दांचं काय झालं असतं? तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. चूक अट घालण्यात नव्हती. वही परत पाठवण्याआधी तुम्ही ती ओळ मोजलीत, वाचली नाहीत, ही चूक झाली. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाने आपल्या आईबद्दल अकरा जणांच्या वहीत लिहिलं होतं. ते लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल, याचा विचार करा.

मग अट काढून टाकायची? नाही. साफ काढलीत तर दोन महिन्यांत वही पुन्हा ‘छान’वर येईल, याबद्दल मला शंका नाही. आकडा काढा आणि प्रश्न ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा: पुस्तकातली कोणती जागा मनात राहिली, आणि का? एवढ्याला उत्तर द्यायचं म्हटलं तरी दोन वाक्यं होतातच, आणि वाक्यं दोन असली की मला तरी पुरे वाटतं. आकडा ठेवायचाच हट्ट कुणी धरला तर पंधरा शब्दांच्या वर जाऊ नका, आणि तोही अडवण्यासाठी नको, आठवण म्हणून असू द्या. काकांची ओळ पंधराच्याही आतच संपते, हे त्या हट्ट धरणाऱ्याला दाखवा.

‘सहमत’चं काय करायचं, हेही ठरवावं लागेल, कारण सहमत होणं हा काही गुन्हा नाही. एखाद्याचं लिहिलेलं वाचून ‘अगदी माझ्या मनातलं’ असं वाटणं हा वाचनाचा मोठा आनंद आहे. तो दाखवायला जागा नसली की माणसं मताच्या जागेत तो लिहितात. फेसबुकने २००९ मध्ये ‘लाइक’चं बटण आणलं. त्या बटणाबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण संमतीला तिची वेगळी जागा दिली तर बोलण्याची जागा मोकळी राहते, हे त्यातून मला पटलं. तुम्हाला बटण नको. प्रत्येक पानावर समास आखा. पटलं त्या ओळीसमोर पेन्सिलीने बरोबरची खूण करा आणि नावाचं आद्याक्षर लिहा. ‘वरीलप्रमाणे’वाल्यांची सोय झाली, आणि ज्याच्या ओळीसमोर पाच खुणा दिसतील तो पुढच्या महिन्यात जास्त मन लावून लिहील.

न लिहिण्याचीही मुभा ठेवा. हे तुम्हाला खटकेल, तरी ठेवा. एखाद्या महिन्यात पुस्तक डोक्यावरून जातं, घरी आजारपण असतं, मन कशातच लागत नाही. अशा वेळी माणसाने तारीख टाकून वही पुढे द्यावी. सक्तीने लिहून घेतलेलं पान वाचणाऱ्या दहा जणांना लगेच कळतं. तुमच्यात कुणी बोलायला मोकळं पण लिहायला बिचकणारं असेलच. त्यांना बैठकीत बोलू द्या आणि शेजारच्याने ते वहीत उतरवून घ्यावं. कमी लिहिणारा प्रत्येक जण कमी विचार करतो असं नसतं. कुणाचा हात चालत नाही, कुणाला शुद्धलेखनाची धास्ती असते, कुणाला आपलं अक्षर दाखवायची लाज वाटते.

आणि वही परत पाठवणं बंद करा. कुणाचं मत अपुरं वाटलं तर त्याखाली पेन्सिलीने एक प्रश्न लिहा आणि वही पुढे जाऊ द्या. फेरी पूर्ण होऊन वही पुन्हा त्या माणसाकडे येईल तेव्हा तो उत्तर देईल किंवा नाही देणार. परत आलेली वही म्हणजे नापास झाल्यासारखं वाटतं. खाली लिहिलेला प्रश्न म्हणजे आपलं कुणीतरी नीट वाचलं असं वाटतं. प्रश्न तुम्हीच विचारायला हवा असंही नाही, दहातल्या कुणीही विचारावा.

हे सगळं पुढच्या बैठकीत सांगा, पण त्याआधी काकांकडे जा. फोन करू नका, निरोप धाडू नका, वही घेऊन स्वतः जा. नियम, समानता, बाकीच्यांनी काय केलं, यातलं काही बोलू नका. ‘काका, मी तुमची ओळ तेव्हा वाचलीच नाही, मोजली. आता वाचली,’ एवढं म्हणा. त्या पानावर तुमच्या हातचं ‘शब्द कमी’ किंवा ‘परत’ असं काही असेल तर त्यांच्यासमोर खोडा. ते आईबद्दल बोलू लागले तर ऐका, नाही बोलले तर विचारू नका.

आणि त्या ओळीखाली तुम्ही लिहा. ते पुस्तक वाचून तुम्हाला काय झालं ते. दहा जणांनी काय लिहिलं आणि काय नाही, हे सगळं तुमच्या पत्रात आलं आहे. तुम्ही स्वतः त्या महिन्यात वहीत काय लिहिलंत, याचा मात्र त्यात कुठे उल्लेख नाही.

तुमची,
ताई